पाटी की वही?



मागच्या सुट्टीत मी थोडं पायथॉन शिकले. हौसेनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. शाळा सुटल्यावर दुसरीच्या मुलांच्या वाचनाची नोंद टाईप करायची आणि ती फाईलमध्ये साठवायची. सोमवार ते शुक्रवार नेमानं नोंदी केल्या.

शनिवारी एका मुलीची आई आली. मंगळवारी तिच्या लेकीनं पहिल्यांदाच अख्खं वाक्य न अडखळता वाचलं होतं. कौतुकानं फाईल उघडली, तर आत फक्त शुक्रवार!

चूक माझीच. फाईल उघडताना मी ‘डब्ल्यू’ मोड दिला होता. तो म्हणजे पाटी. फाईल उघडताक्षणीच जुनं सगळं पुसलं जातं. मला हवी होती वही. त्यासाठी ‘ए’, म्हणजे अपेंड मोड. तो जुन्या मजकुराच्या शेवटी नवं जोडतो.

आणखी एक. प्रोग्रॅममधून फाईलकडे मजकूर ज्या वाटेनं जातो तिला स्ट्रीम म्हणतात. त्या वाटेवर मजकूर आधी बफरमध्ये थांबतो आणि फाईल बंद केली की पुढे जातो. म्हणून ‘विथ’ वापरा, फाईल आपोआप बंद होते. मराठी मजकुरासाठी एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ द्यायला विसरू नका.

त्या दिवशी मी मुलीलाच बोलावलं. तिनं ते वाक्य आईसमोर पुन्हा वाचलं. माझी लाज राखली पोरीनं!

तुम्हीही नोंदी ठेवत असाल तर फाईल उघडण्याआधी एवढंच विचारा: ही पाटी आहे की वही?