अंगठ्याचा कोपरा

नखुरडं झालंय म्हणून माझ्याकडे येणारा माणूस बहुधा अर्धं ऑपरेशन स्वतःच उरकून आलेला असतो. नेलकटर, दाढीचं ब्लेड, कंपासपेटीतलं कर्कटक, काहीही चालतं. तालुक्याच्या गावातला माझा दवाखाना. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं आणि दहावी-बारावीतले मुलगे हे या दुखण्याचे खरे मानकरी. घामट पाय, तंग बूट आणि कोपरा कोरायची खोड.

कोरल्यावर बरं वाटतं, तिथेच सगळं बिघडतं. रुतलेला तुकडा निघाला की ठणका त्याच रात्री उतरतो. पण मोकळ्या झालेल्या जागेत बाजूचं मांस सरकतं आणि मागून येणाऱ्या नखाला वाट उरत नाही. अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. त्यामुळे काही आठवडे सुखाचे जातात, मग पुन्हा तेच दुखणं आणि पुन्हा तेच नेलकटर.

शिवाय कात्री पोचत नाही तिथे आत एक कुसळ राहून जातं. ते बघायचं तर आधी भूल. बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी लिग्नोकेनची सुई, आणि ती दुखते. ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल’ असं मी म्हणत नाही. मोठ्या पोरांना ते पटत नाही आणि लहानांचा पुढच्या वेळी विश्वास राहत नाही. मग पाच-दहा मिनिटं नुसतं बसायचं. घाईचा डॉक्टर इथेच ओळखू येतो. बोट बधिर झालं की रुतलेल्या बाजूची बारीक पट्टी मुळापर्यंत उभी चिरायची, चिमट्यात धरायची आणि सावकाश पिळत बाहेर घ्यायची. मुळाकडचं टोक पांढुरकं, मऊ, अखंड आलं पाहिजे. कडेला ते कुसळ दिसतं. गॉजवर ठेवून दाखवलं की पोरगा हमखास विचारतो, “एवढंसंच?”

कडेचं लाल, ओलं, बोट लागताच रक्ताळणारं मांसही कापा, असा आग्रह असतो. बहुतेक वेळा गरज नसते. टोचणारं गेलं की ते आपसूक सुकतं. उलट ते टोक आत असेपर्यंत मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकने पू कमी होईल, दुखणं परतेलच. ‘अख्खं नखच काढा’ म्हणणारेही असतात. वर्षा-दीड वर्षात नवं नख येतं आणि पुष्कळदा तिथेच रुतून बसतं. म्हणून पट्टी काढल्यावर तेवढ्याच मुळाला मी फिनॉल लावतो. बोटाला रबर बांधून जागा कोरडी ठेवायची, रक्तात फिनॉल पातळ होतं. ती कड मग सहसा उगवत नाही. जखम दोन-चार आठवडे पाझरते, हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर पू झाला म्हणून फोन येतात.

लवकर आलेल्याला यातलं काही लागत नाही. कोमट पाण्यात पाय, कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात, रोज बदलायची. नख सरळ कापायचं, कोपरा मांसाच्या बाहेर दिसला पाहिजे. मधुमेह असलेल्यांनी मात्र घरी काहीच करू नये. त्यांच्या पायाची नाडी बघितल्याशिवाय मीही सुई उचलत नाही.

शाळेचे बूट जूनमध्ये घेतात, वाढत्या अंगाचे. फेब्रुवारीत ते चावायला लागतात, पण वर्ष तर त्याच जोडावर काढायचं असतं. तेव्हा अंगठा बघून झाला की मी बूटही टेबलावर मागवतो. आई आधी लाजते, मग आत बोट घालून बघते आणि मुलावरच डाफरते, “सांगायचं नाही का रे?”