आधी पाणी, मग मशीन

छत्रपती संभाजीनगरात धुण्याचा दिवस नळ ठरवतो. महापालिकेचं पाणी कधी पाचव्या दिवशी येतं, कधी आठव्या, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. म्हणून चादरी, पडदे, पोरांचे गणवेश असं सगळं त्या दिवसासाठी साठवलेलं असतं. पाणी सुटलं की आधी हौद, मग मोटार लावून गच्चीवरची टाकी, मग पिंप, बादल्या, पातेली. भरणं उरकत आलं की गल्लीतल्या घराघरांतून वॉशिंग मशिनांची घरघर सुरू होते. बाहेरगावच्या पाहुण्याला याचं नवल वाटतं, आमचे आठवडे मात्र याच तालावर चालतात. त्यामुळे इथे मशीन बिघडणं ही साधी अडचण राहत नाही. पाण्याचा दिवस हुकला की ढीग वाढतो, आणि तो हातांनी उपसायची पाळी ज्या बाईवर येते तिची कंबर त्याचा हिशेब ठेवते.

आमच्या मशिनाचा आवाज पावसाळ्यापासून बदलला होता. धुताना ठीक, पण पिळायला लागलं की घरघरीचा खडखडाट व्हायचा. पुढे खालच्या फरशीवर तेलकट, काळपट थेंब दिसू लागले. दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रींनी झाकण उघडून ड्रम हाताने फिरवला, वर-खाली हलवून पाहिला आणि म्हणाले, "काकू, मोटर ठणठणीत आहे. बेअरिंग गेलंय. सीलमधून पाणी आत शिरलं, गंज चढला. बेअरिंगला काही फार पैसे पडत नाहीत. पण या मॉडेलचा टब कारखान्यातच कायमचा जोडून टाकलेला आहे, उघडत नाही. टब अख्खाच बदलावा लागतो, आणि तो आता मिळत नाही."

बाकी सगळं धडधाकट असलेलं यंत्र मुठीत मावेल एवढ्या भागापायी संपतं, कारण तिथपर्यंत हात पोचू नये अशीच त्याची रचना आहे. मिस्त्रींच्या त्या शेवटच्या दोन वाक्यांनी नवं मशीन घेताना काय विचारायचं, याची दिशाच मला दिली.

जालना रोडवरच्या आणि पैठण गेटच्या दुकानांत मशिनं ओळीने मांडलेली असतात. प्रत्येकावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी. वाचून माणूस निर्धास्त होतो. पण मोटर हा मशिनातला सहसा न बिघडणारा भाग आहे. बिघडतं ते बेअरिंग, पाणी बाहेर टाकणारा पंप, पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, दाराचं रबर आणि सगळ्यांत महागडा तो पीसीबी, म्हणजे मशिनाचा मेंदू. या सगळ्यांवरची हमी बहुतेक वेळा दोन वर्षांत संपते. जे टिकणारच आहे त्याची हमी मोठी आणि जे झिजणार आहे त्याची छोटी. म्हणून टिकाऊपणाची चौकशी मोटरपासून नव्हे, झिजणाऱ्या भागांपासून सुरू करावी, असं मला वाटतं.

दुकानातला मुलगा मनापासून माहिती देत होता. किती प्रोग्रॅम, किती स्पिन, मोबाइलवरून कसं चालू करायचं. तुमच्याकडे पाणी कसं येतं, हे मात्र तो विचारत नव्हता, कारण त्याला तसं शिकवलेलंच नसतं. या शहरात पहिला प्रश्न तोच असायला हवा.

आपलं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं. त्याच्या जलाशयाची, म्हणजे नाथसागराची, पूर्ण भरल्यावरची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर, आणि शहर आहे साधारण ५६८ मीटरवर. म्हणजे पैठणहून पन्नासेक किलोमीटर आणताना पाण्याला शंभर मीटरहून जास्त उंच चढवावं लागतं. वीज गेली, पंप थांबला, जलवाहिनी फुटली की शहराचं वेळापत्रक कोसळतं. डिसेंबर २०२०मध्ये नव्या पाणीपुरवठा योजनेचं भूमिपूजन झालं. अडीच मीटर व्यासाची जलवाहिनी हा तिचा कणा. ते पाणी गल्लीगल्लीत रोज खेळेल तेव्हा धुण्याचं गणितही बदलेल. तोवर घरातल्या मशिनाला पाणी मिळतं ते आपल्या गच्चीवरच्या टाकीतून.

आणि टाकीच्या पाण्याला दाब असतो तो फक्त उंचीचा. दहा मीटर उंचीला साधारण एक बार, हा सरळ हिशेब. बऱ्याच फ्रंट लोड मशिनांना किमान ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा तीन मीटर तरी वर हवी. सिडकोतल्या एखाद्या घरात मशीन वरच्या मजल्यावर असतं आणि टाकी लगेच डोक्यावरच्या गच्चीवर, विटांच्या बुटक्या ओट्यावर. तिथे हा फरक बऱ्याचदा तीन मीटरही भरत नाही. मग मशीन पाण्याची वाट पाहत थांबतं, पडद्यावर चूक दाखवतं आणि नवं असूनही नादुरुस्त ठरतं. दोष त्याचा नसतो. खरेदीआधी टेप घेऊन ही उंची मोजायला पाच मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जातीची. जायकवाडीचं पाणी पुरत नाही तेव्हा बोअर किंवा टँकर. आपल्या काळ्या कातळातलं बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असल्याने साबणाचा फेस होत नाही, पांढरे कपडे राखाडी पडतात, टॉवेल कडक होतात. असं पाणी तापवलं की त्यातला चुना हीटरवर थर धरून बसतो. गीझरची कॉइल ज्यांनी बाहेर काढून पाहिली असेल त्यांना हा थर ठाऊक आहे. म्हणून बोअरवर भिस्त असलेल्या घरात हीटरवालं मशीन घ्यायचं, तर थंड पाण्यात धुवायची सवय ठेवावी, अधूनमधून ड्रम स्वच्छ करण्याची पावडर वापरावी आणि साबणाचा मारा कमी करावा. जड पाणी आणि जास्तीची पावडर, दोन्ही मिळून ड्रमला मागून धरणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या आधाराला खातात.

आधी पाणी पाहून मग यंत्र बसवण्याची रीत आपल्याला नवी नाही. शहराबाहेरच्या डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून, उंच भिंतीवर चढवून, तिथून खाली सोडून दगडी जातं फिरवणारी पाणचक्की याच शहरात आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी तिथे पीठ दळलं जाई. त्याच्याही आधी, १६१० साली खडकी, म्हणजे हेच शहर, वसवणाऱ्या मलिक अंबरने नहर-ए-अंबरीचं जाळं विणलं होतं. भूगर्भातलं पाणी केवळ उताराच्या बळावर वस्तीपर्यंत पोचवणारी ती व्यवस्था शतकांमागून शतकं चालली. पाणचक्कीपाशी उभी राहिले की मला तिच्या कारागिरांचा क्रम दिसतो. त्यांनी आधी पाणी पाहिलं. ते कुठून येतं, किती येतं, किती उंचीवरून पडू शकतं, हे समजून घेतलं आणि मग त्याला पेलेल असं यंत्र बसवलं. आपण आज उलटं करतो. दुसऱ्या मुलुखाच्या पाण्यासाठी आखलेलं यंत्र घरी आणतो आणि मग टाकी, पंप, फिल्टर, स्टॅबिलायझर असा सगळा संसार त्याच्याभोवती मांडतो.

खरा पेच त्यापुढे आहे, आणि तो मला अजूनही अस्वस्थ करतो. फ्रंट लोड मशिनात ड्रम आडवा असतो. कपडे थोड्याच पाण्यात उचलले जातात आणि आपटतात, त्यामुळे त्याला टॉप लोडच्या निम्म्याच्या आसपास पाणी पुरतं. दुष्काळी मराठवाड्याला हेच मशीन शोभलं असतं. पण पाणी वाचवणाऱ्या या मशिनाला पाणी नेमानं, दाबानं आणि मऊ लागतं. ज्या वस्तीत रोज भरपूर पाणी येतं, तिथे ते सुखाने कमी पाणी वापरतं. जिथे थेंब मोजून वापरतात, तिथे त्याची अडचण होते. टंचाई माणसाकडून काटकसरीचं साधनही हिरावून घेते, हे पाण्याच्या बाबतीत मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं.

मग सेमी ऑटोमॅटिक? या शहरातल्या असंख्य घरांनी तेच निवडलंय, आणि त्यामागे शहाणपण आहे. त्याला दाब लागत नाही, बादलीने भरता येतं. आत यांत्रिक टायमर आणि दोन मोटरी, पीसीबीची भानगड नसते. एकाच साबणपाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी निघतात. पण ओले, जड कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकायला माणूस लागतो, आणि तो माणूस बहुतेक घरांत कोण असतो हे सांगायला नको. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर दगडावर धुणं धुतलं. त्यांच्या बोटांची पेरं आज मिटत नाहीत. यंत्राचा भरवसा मोजताना हा हिशेबही धरलाच पाहिजे. जे यंत्र कधी बिघडत नाही पण बाईला तासभर उभं ठेवतं, त्याला मी पुरतं भरवशाचं म्हणणार नाही.

आम्ही अखेर टॉप लोड, पूर्ण ऑटोमॅटिक मशीन घेतलं. त्यात हीटर नाही. दाब कमी असला तरी ते सावकाश भरतं, आणि अगदीच वेळ आली तर झाकण उघडून बादलीने पाणी ओतता येतं. पिळण्याचा वेग आडव्या मशिनापेक्षा कमी आहे, पण चैत्रातल्या आपल्या उन्हात दोरीवरचे कपडे बघता बघता वाळतात. जास्त वेगाचा ताण बेअरिंगवर कशासाठी घालायचा? पाणी मात्र ते जास्त घेतं, हे मान्य करूनच घेतलं. त्याची भरपाई म्हणून शेवटच्या खळबळणीचं पाणी पाइपाने पिंपात धरतो. त्यात अंगण, जिना आणि संडास धुऊन निघतात. निवड करताना मिस्त्रींना सोबत नेलं. त्यांनी प्रत्येक मशीन तिरकं करून खालून पाहिलं आणि विक्रेत्याला एकच विचारलं: बेअरिंग सुटं मिळतं का, आणि शहरात मिळतं का?

या प्रश्नाला आमच्या शहरात एक इतिहास आहे. ऐंशीच्या दशकात इथे उभ्या राहिलेल्या व्हिडिओकॉनने टीव्हीबरोबर वॉशिंग मशीनही देशातल्या मध्यमवर्गीय घरांत नेलं. पैठण रस्त्यावरच्या चितेगावच्या कारखान्याने इथल्या कितीतरी घरांना रोजगार दिला. मशीन इथे तयार होत होतं, म्हणून त्याचं अंतरंग जाणणारे हातही इथे तयार होत होते. जून २०१८मध्ये त्या कंपनीचं प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. वॉरंटी कार्डावर छापलेलं नाव किती काळ उभं राहील, हे ग्राहकाच्या हाती नसतं, हे आम्ही आमच्याच वेशीवर पाहिलं. अशा वेळी मशीन चालू ठेवतो तो गल्लीतला मिस्त्री, सुटे भाग ठेवणारा दुकानदार आणि तो भाग बदलता येईल अशी रचना.

म्हणून भरवसा ही नुसत्या खोक्यातल्या वस्तूची गोष्ट नाही, असं मी आता ठामपणे म्हणते. तो पाणी, वीज, रचना आणि दुरुस्त करणारा हात यांच्यात मिळून तयार होतो. आमचं जुनं मशीन मिस्त्रींनी नेलं. त्याची मोटर, पंप आणि व्हॉल्व्ह दुसऱ्या घरांतल्या मशिनांत चालतील, याचं मला समाधान आहे. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुन्या यंत्रांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ते योग्यच झालं. पण कचऱ्याची विल्हेवाट हा शेवटचा उपाय. त्याआधी यंत्राचं आयुष्य वाढवणं हे मोठं काम आहे.

युरोपीय संघात मार्च २०२१पासून वॉशिंग मशिनांचे ठरावीक सुटे भाग, त्या मॉडेलचं शेवटचं मशीन बाजारात आल्यानंतर दहा वर्षं उपलब्ध ठेवणं उत्पादकांवर बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये त्याच वर्षी काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणं सक्तीचं झालं आणि त्यांत वॉशिंग मशीनही होतं. आपल्याकडे २०१९मध्ये वॉशिंग मशिनांसाठी ऊर्जाबचतीचे तारे आले, २०२२मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टलही सुरू केलं. पाऊल पडलं आहे, ते पुढे जायला हवं. तार्‍यांच्या शेजारी आणखी तीन ओळी कायद्याने छापल्या जाव्यात: किमान किती दाबाचं पाणी लागेल, बेअरिंग वेगळं बदलता येतं की नाही, आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील. ही माहिती उत्पादकाकडे असतेच. ती खरेदीआधी मिळणं हा आपला हक्क आहे. तसा कायदा होईपर्यंत जालना रोडच्या प्रत्येक दुकानात आपण हे तीन प्रश्न मोठ्याने आणि न लाजता विचारत राहिलं पाहिजे, म्हणजे दुकानातल्या त्या मुलालाही त्यांची उत्तरं पाठ करून ठेवावी लागतील.