जंजिरा : पाण्यातला कोट आणि हबशी माणसे

रायगड जिल्ह्यात मुरूडला जाणारे बहुतेक लोक आधी काशीदचा किनारा पाहतात, मासळीचे जेवण करतात आणि उरलेल्या वेळात जंजिरा उरकतात. पण हा किल्ला उरकण्याजोगा नाही. निदान ज्यांना आपल्या मुलांना काही दाखवायचे, सांगायचे आहे त्यांनी तरी अर्धा दिवस राखून ठेवावा, म्हणून हे लिहीत आहे.

२०१९ च्या डिसेंबरात आम्ही घरची पाच माणसे गेलो होतो. आम्ही दोघे, सातवीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि सत्तरी गाठलेल्या सासूबाई. मुरूडपासून राजापुरी चार-पाच किलोमीटर आहे. गावात शिरताच सुक्या मासळीचा वास येतो आणि वळण घेतले की समोर पाण्यात काळा कोट दिसतो. धक्क्यावर तिकीट काढायचे आणि शिडाच्या होडीत बसायचे. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. खलाशी दोर ओढतो, शीड फुगते आणि होडी एका अंगाला कलते. तेव्हा शहरातली माणसे एकमेकांचे हात धरतात आणि होडीवाले हसतात.

गंमत अशी की होडी अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याला दरवाजा दिसतच नाही. नुसती भिंत, बुरूज, भिंत. दोन बुरुजांच्या बेचक्यात महाद्वार असे लपवले आहे की समोर आल्यावरच उमगते. बांधणाऱ्यांची हुशारी पहिली इथे कळते. दुसरी कळते उतरताना. त्या वेळी होडी थेट दरवाजाच्या पायऱ्यांना लागत होती. लाट वर आली की पाय टाकायचा, खाली गेली की थांबायचे. सासूबाई जागच्या हलेनात. शेवटी एक होडीवाला पायरीवर उभा राहून म्हणाला, "आजी, पाण्याकडं नका बघू, माझ्याकडं बघा." त्यांनी बघितले आणि त्या उतरल्या. नंतर दिवसभर त्या आम्हालाच सांगत होत्या की पाण्याकडे बघायचे नाही.

दरवाजाच्या भिंतीवर एक दगडी शिल्प आहे. वाघासारखा एक पशू, आणि त्याच्या पंजांत हत्ती. हत्ती मांजराच्या पिलांएवढे! आत गेल्यावर मोठ्या कमानी, पडक्या इमारती, मशीद, सुरुलखानाच्या वाड्याच्या उंच उभ्या भिंती आणि झाडी. किल्ला साधारण बावीस एकरांचा. चारी बाजूंना खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचे दोन तलाव. मुलांना ते खरे वाटेना. हे पाणी नसते तर बाहेरच्या भिंती कितीही जाड असून काय उपयोग होता? वेढा पडलेला किल्ला बहुधा तहानेने पडतो.

बुरुजावर कलालबांगडी नावाची प्रचंड तोफ आहे. तिच्या जोडीला चावरी आणि लांडा कासम. वाट दाखवणारे सांगतात की ही तोफ पंचधातूची आहे, म्हणून ती उन्हात तापत नाही. आमच्या मुलाने लगेच हात लावून पाहिला. चांगलीच तापलेली होती. ऐकलेले तपासून घ्यावे, एवढे त्याला न सांगता कळले.

वाटाड्यांच्या तोंडी मुख्य गोष्ट एकच असते : हा किल्ला कोणालाही जिंकता आला नाही. ते खरे आहे. शिवाजी महाराजांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले आणि जवळच्याच बेटावर पद्मदुर्ग उभारला. बुरुजावरून तो समोर दिसतो. १६८२ साली संभाजी महाराजांनी तर खाडीत दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली होती, पण मोगली फौजा कोकणात उतरल्या आणि ते काम राहिले. पेशव्यांच्या फौजेने १७३६ मध्ये सिद्दी सात याला लढाईत मारले, तरी जंजिरा पडला नाही. अखेर १९४८ साली संस्थान विलीन झाले, तेव्हा कोटावरचा अंमल संपला.

पण हा किल्ला राखणारे लोक कोण होते, हे त्या पाऊण तासात फारसे कोणी सांगत नाही. "सिद्दी लोक होते," एवढे म्हणून गडी पुढे चालू लागतो. माझ्या मुलीने त्याला अडवून विचारले, "सिद्दी म्हणजे कोण?" तो म्हणाला, "आफ्रिकेचे. नवाब लोक." ती पुन्हा म्हणाली, "मग ते इथे कसे आले?" त्याला पुढच्या होडीची घाई होती. उत्तर द्यायचे काम आमच्यावर आले.

हबश म्हणजे आजचा इथिओपिया आणि त्याच्या आसपासचा मुलूख. तिथली मुले-माणसे पकडून अरबस्तानच्या बाजारांत विकली जात आणि तिथून गलबतांनी आपल्या किनाऱ्याला येत. दख्खनच्या सुलतानांना शूर आणि इमानी सैनिक हवे असत. असाच पुन्हा पुन्हा विकला गेलेला एक मुलगा अहमदनगरला आला. त्याला विकत घेणारा चंगीझखान निजामशाहीचा मोठा मंत्री होता, आणि तोही पूर्वीचा गुलामच. तो मुलगा म्हणजे मलिक अंबर. पुढे त्याने निजामशाहीचा कारभार हाती घेतला, मोगलांना झुंजवले, १६१० मध्ये खडकी शहर वसवले, म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथल्या लोकांना नहर-ए-अंबरी वेगळी सांगायला नको. जंजिऱ्याचे सिद्दी याच हबशी मंडळींपैकी. ज्या समुद्रातून त्यांच्या पूर्वजांना माल म्हणून आणले, त्याच समुद्रावर त्यांनी आरमार चालवले.

त्यांच्यात आणखी एक रीत होती. मला ती तोफांपेक्षा मोठी वाटते. बराच काळ किल्ल्याचा मुख्य सरदार मेला की गादी त्याच्या मुलाकडे जात नसे. आरमारातला पहिल्या दर्जाचा अधिकारी त्याच्या जागी येई. जन्म पाहायचा नाही, काम पाहायचे. जिथे बाप कोण यावर माणसाची किंमत ठरत होती, त्या देशात पाण्यातल्या एका खडकावर ही रीत चालली. किल्ला का पडला नाही, याचे एक उत्तर मला भिंतींत नाही, इथे दिसते.

मात्र मुलांना अर्धेच सांगू नये. या कोटाची जागा आधी कोळ्यांची होती. त्यांनी लाकडी मेढेकोट उभारला होता आणि राम पाटील त्यांचा प्रमुख होता. पिरमखानाने व्यापाऱ्याचे सोंग घेऊन, कोळ्यांना दारू पाजून तो घेतला, अशी कथा सांगतात. दगडी कोट पुढे १५६७ ते १५७१ च्या सुमारास झाला. आणि हेच सिद्दी पुढे किनाऱ्यावरच्या गावांवर धाडी घालत, माणसे धरून नेत, त्यांना विकतही. गुलामांच्या वंशात जन्मलेल्यांनी दुसऱ्यांना गुलाम केले. मुलगी हे ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "त्यांना आठवण नव्हती का?" सासूबाई म्हणाल्या, "हातात दांडका आला की आठवण राहात नाही गं." यावर मला काही जोडता आले नाही.

हे सिद्दी आज कुठे आहेत, हाही प्रश्न आला. नवाबाच्या घराण्यापेक्षा साधी सिद्दी माणसे जास्त. गुजरातेत गीरच्या बाजूला आणि कर्नाटकात उत्तर कन्नडच्या जंगलभागात त्यांची वस्ती आहे, आणि बहुतेक जण कष्टकरी आहेत. कर्नाटकात २००३ साली त्यांना अनुसूचित जमातींत घेतले गेले. तिथले शांताराम सिद्दी २०२० मध्ये विधान परिषदेवर गेले. गुजरातच्या हिराबाई लोबी यांना समाजकार्यासाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली. ही दोन नावे मी मुलीला नंतर कात्रणे दाखवून सांगितली. तिने ती वहीत मलिक अंबरच्या खाली चिकटवली आहेत.

जाणाऱ्यांसाठी थोडे. पावसाळ्यात होड्या बंद असतात. शुक्रवारी दुपारी जायचे असल्यास आधी चौकशी करावी. पिण्याचे पाणी आणि डोक्याला टोपी बरोबर असावी. होडीवाले पाऊण तासात परत बोलावतात. बालेकिल्ल्याच्या पायऱ्या चढायच्या असतील तर फोटोंचा वेळ कमी करावा. मागच्या बाजूचा दर्या दरवाजा चुकवू नये. तिथे उघडा समुद्र आहे आणि गर्दी नसते.

परतल्यावर राजापुरीजवळच्या खोकरीला जरूर जावे. तिथे सिद्दी सरदारांच्या तीन दगडी कबरी आहेत. सर्वांत मोठी सुरुलखानाची. लहान दोन सिद्दी कासम आणि खैरियतखान यांच्या. आम्ही गेलो तेव्हा तिथे एक गुराखी पोरगा आणि त्याच्या चार शेळ्या होत्या. घुमटाखाली गारवा होता. सासूबाईंनी तिथेच डबा उघडला आणि पहिली भाकरी त्या पोराला दिली.