वीणा खाली ठेवायची नसते

गेल्या वर्षीची गोष्ट. रात्री साडेतीनला पुण्यातल्या फ्लॅटवर जाग आली आणि सवयीने मोबाईल उघडला. आमच्या गावच्या सप्त्याचं लाईव्ह चालू होतं. देवळात एकटे नाना, म्हणजे माझे चुलते, गळ्यात वीणा घेऊन उभे. वय सत्तरच्या पुढे. खाली आकडा दिसत होता: ९ जण बघतायत.

दोन मिनिटं कौतुकाने बघितलं आणि मग पोटात गोळा आला. नानांचा पहारा बारा ते दोन होता. दोन ते चार माझा!

ज्यांनी सप्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे, जुन्नर-आंबेगावच्या गावांत, अखंड हरिनाम सप्ता म्हणजे वर्षातलं मोठं काम. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काला आणि महाप्रसाद. या सगळ्याच्या मधे एक गोष्ट अखंड चालते, ती म्हणजे वीणा. सात दिवस, चोवीस तास कुणाच्या तरी गळ्यात ती असायलाच हवी. खाली ठेवायची नाही. पुढचा माणूस आला नाही तर आधीच्याने उभं राहायचं, बस्स. आमच्या भाषेत सांगायचं तर शंभर टक्के अपटाईम, आणि बॅकअप सर्व्हर म्हणजे नाना.

लाईव्हची आयडिया माझीच. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत देवळं बंद होती. त्याच्या आदल्या वर्षी पालख्यासुद्धा एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या. आमच्या सप्त्यात वीणा धरायला मोजकी चार-पाच माणसं. म्हटलं, निदान पुण्या-मुंबईच्या पोरांना दिसू तरी दे. एक जुना फोन ट्रायपॉडला बांधला आणि झालं यूट्यूब सुरू. वाशी मार्केटमधली मंडळी, हिंजवडीतली पोरं, एक जण तर टेक्सासहून, सगळ्यांचे 'रामकृष्णहरी' येऊन पडायला लागले. नवी पिढी जोडली गेली म्हणून माझा सत्कारही झाला. नारळ, शाल, सगळं.

पुढे देवळं उघडली, पण लाईव्ह राहिलं. आणि हळूहळू एक गंमत झाली. पूर्वी सप्त्याला रजा काढून येणारी पोरं आता लाईव्ह बघायची. त्यात मीही आलो. त्या रात्री ऑफिसात रिलीज होतं, म्हणून मी ग्रुपवर टाकलं, "माझा पहारा कुणीतरी घ्या." चार अंगठे आले. मला वाटलं, घेतला. प्रत्येक अंगठ्याला वाटलं, दुसरा घेणार.

मी चुलतभावाला फोन करून उठवला. तो चारला पाच कमी असताना पोचला. जवळपास चार तास नाना उभे होते. दुसऱ्या दिवशी फोनवर माफी मागितली तर म्हणाले, "अरे, खाली कशी ठेवायची?" एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी जरा वाचत बसलो, की इतर लोक हे कसं करतात. या बाबतीत चर्च आपल्या बरंच पुढे आहे. माणसं जिथे आहेत तिथे जायची त्यांना जुनीच सवय. फादर स्टीफन्सने १६१६ साली गोव्यात ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत. नगरच्या रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. आणि ७ सप्टेंबर २०२५ ला तर कार्लो आकुतिस नावाच्या, २००६ मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेलेल्या मुलाला संत घोषित केलं. हा मुलगा वेबसाईट बनवायचा! आपल्यातलाच की. पण त्याची वेबसाईट कशावर होती? मिस्सेतल्या प्रसादाच्या चमत्कारांवर. आणि स्वतः तो रोज मिस्सेला जायचा. तो प्रसाद हातात किंवा जिभेवरच घ्यावा लागतो, तो डाऊनलोड होत नाही. व्हॅटिकनने मे २०२३ मध्ये सोशल मीडियावर एक चिंतन काढलं, त्यातही हेच आहे: स्क्रीनमधून एकत्र जेवता येत नाही.

काल्याचा प्रसाद खाल्लेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पण मला कळायला नानांचे चार तास लागले. मी पोरांना सप्त्याशी जोडलं नव्हतं. त्यांना, आणि मला, न येण्याची सोय करून दिली होती.

यंदा लाईव्ह बंद नाही केलं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्याचा खरा उपयोग आहे. पण रात्रीचा कॅमेरा बंद. ग्रुपवर फक्त रिकामे पहारे टाकायचे आणि अंगठा चालणार नाही, नाव लिहायचं. शिवाय बिबट्यामुळे रात्री मळ्यातून एकट्याने यायचं नाही, म्हणून कुणाला गाडीवर कोण आणणार तेही लिहायचं. पहिल्या दिवशी रात्रीचे तीन पहारे रिकामे होते. तिसऱ्या दिवशी एक. ग्रेट वगैरे काही नाही.

माझा दोन ते चार होता. देवळात समई, मी आणि एक झोपलेलं कुत्रं. तीननंतर पाय भरून आले. चारला दहा मिनिटं असताना बाहेर मोटरसायकल थांबली. मंचरच्या कॉलेजात जाणारी दोन पोरं. त्यातल्या एकाने कधी लाईव्हवर कमेंट टाकल्याचं मला आठवत नाही. त्याने चप्पल काढली, पाय धुतले, माझ्या पाया पडला. रीतीप्रमाणे मीही त्याच्या पडलो आणि वीणा त्याच्या गळ्यात घातली.

"दादा, तुम्ही झोपा आता," तो म्हणाला.

मी लगेच गेलो नाही. थोडा वेळ टाळ घेऊन तिथेच बसलो.