जुलैपुरती फोर-व्हील

राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची हापूसची बाग आहे. डांबरी रस्ता संपला की पुढची वाट जांभ्या दगडाची, मध्ये एक पऱ्या (लहान ओढा) आणि शेवटी लाल मातीचा चढ. ऑक्टोबर ते मे या वाटेने कुठलाही पिकअप जातो. आंब्याच्या दिवसांत तर वाट इतकी खडखडीत कोरडी असते की पेट्यांनी भरलेली साधी गाडीसुद्धा बिनबोभाट खाली उतरते. अडचण पावसाळ्यात. झाडांना खत द्यायचं पावसाच्या सुरुवातीला आणि मोहोरासाठीचं कल्टार हे संजीवक घालायचं ते १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान. कल्टार पाण्यात मिसळून खोडाभोवती जमिनीत द्यायचं असतं, म्हणजे माणसं, टिकाव, बादल्या, पिंप असं सगळं वर न्यावं लागतं, आणि नेमका तेव्हाच तो चढ साबणासारखा होतो. आमच्या गाडीला फोर-व्हील लागते ती एवढ्यासाठी. उरलेले नऊ-दहा महिने तिचा छोटा लिव्हर नुसता गिअरच्या लिव्हरशेजारी उभा असतो.

आमची गाडी डबल केबिनचा जुना पिकअप. फोर-व्हील टाकायला बटण नाही, मोटर नाही. हाताने ओढायचा लिव्हर आणि पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध, चाक आतल्या शाफ्टला जोडायला, हाताने फिरवायचा हब लॉक. सेकंडहँड घेतली तेव्हा विकणाऱ्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, “फोर-व्हील कधी वापरलीच नाही हो, एकदम नवीन आहे.” माणूस खोटं बोलत नव्हता. गाडी गावातल्या गॅरेजमध्ये नेली तेव्हा मिस्त्रीचाचांनी हेच वाक्य ऐकून पाना खाली ठेवला आणि म्हणाले, “भाऊ, मग तर सगळं उघडूनच बघावं लागेल.”

उघडलं. डाव्या चाकाचं हब आतून गंजून पकडलं होतं, लॉकची चकती फिरत होती पण आतली दातेरी कडी जागची हलत नव्हती. लिव्हर फोर-हायला टाकला की डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागायचा, त्यामुळे कुणालाही वाटावं सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात ताकद डिफरन्शियलमधून मोकळ्या बाजूकडे निघून जायची आणि पुढची दोन्ही चाकं ढिम्म. फोर-लोला, म्हणजे हळू पण जोरकस गिअरला, तर लिव्हर जातच नव्हता. पुढच्या डिफरन्शियलचा बोल्ट काढला तेव्हा काळपट-पिवळ्या ऑइलऐवजी पांढुरकं, फेसाळ काहीतरी आलं. आत पाणी गेलेलं होतं आणि कधी गेलं ते सांगायला कुणी नव्हतं.

न वापरलेली वस्तू नवी राहते, हा समज कपाटातल्या पैठणीच्या बाबतीतही खरा नाही, गाडीच्या बाबतीत तर मुळीच नाही. कारण साधं आहे. डिफरन्शियलमध्ये ऑइलचा पंप नसतो. क्राउन व्हील फिरतं, खालचं ऑइल वर उडवतं आणि त्या शिंतोड्यांवरच बेअरिंग, पिनियन, सील सगळं जगतं. हब मोकळे ठेवून टू-व्हीलमध्ये गाडी हजारो किलोमीटर पळाली तरी पुढचे शाफ्ट, क्राउन, पुढचा जॉइंट यातलं काहीच फिरत नाही. ऑइल तळाला बसून राहतं. वरचा भाग उघडा पडतो, आमच्या दमट हवेचं पाणी त्यावर धरतं, त्यात खाडीकडून येणारा खारा वारा. रबरी सीलचा ओठ शाफ्टवर एकाच जागी दाबून राहिल्याने कडक होतो आणि ज्या दिवशी शाफ्ट खरोखर फिरतो त्या दिवशी गळायला लागतो. जॉइंटमधल्या क्रॉसच्या सुया एकाच जागी बसून तिथे खड्डे पाडतात.

गंमत म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला हा रोग नव्हता. तिच्या चाकांत सुटे होणारे हबच नव्हते. टू-व्हीलमध्येही पुढचा सगळा सांगाडा चाकांबरोबर फिरत राहायचा आणि आपोआप ऑइल खायचा. युद्ध संपल्यावर या जीपा सामान्य लोकांच्या हातात आल्या, हमरस्त्यावर पळू लागल्या, तेव्हा तो फुकटचा फिरणारा भार, आवाज आणि पेट्रोल लोकांना खुपायला लागलं. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये मोकळे करता येणारे हब विकायला सुरुवात केली ती यासाठी. सोय उत्तम होती. पण तेव्हापासून पुढच्या ॲक्सलला बसून राहण्याची मुभा मिळाली, आणि बसून राहिलेल्या लोखंडाचं पुढे काय होतं ते कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही.

चाचांनी हब रॉकेलमध्ये धुऊन मोकळं केलं, डिफरन्शियल दोनदा धुऊन काढलं, सील बदलले. त्यानंतरची व्यवस्था मात्र त्यांच्या आणि माझ्या वादातून ठरली. ते म्हणायचे, दर महिन्याला फोर-व्हील टाकून गाडी फिरवा. मी म्हणायचो, कुठे फिरवू? डांबरावर फोर-व्हील टाकायची नाही, हे तर पहिल्यांदा शिकवतात. अशा गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतं, दोघं एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. मातीत चाक थोडं घसरून तो फरक भरून निघतो, कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते. मग स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते, सगळा ताण दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये साठतो आणि लिव्हर परत यायचं नाव घेत नाही. (तसा अडकलाच तर जोर लावू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, ताण सुटतो आणि लिव्हर अलगद येतो.)

तोडगा निघाला तो हबमधूनच. हब लॉक करायचे, पण लिव्हर टू-व्हीललाच ठेवायचा. आता इंजिनची ताकद पुढे जात नाही, त्यामुळे डांबरावर काही आवळत नाही. पण रस्त्यावर फिरणारी पुढची चाकंच शाफ्ट, क्राउन आणि पुढचा जॉइंट फिरवतात. राजापूरच्या बाजाराला जायचं असलं की महिन्यातून एकदा निघताना हब लॉक करतो आणि घरी आल्यावर सोडतो. गाडी किंचित जड वाटते, खालून घरघर येते, बाकी काही नाही. टोयोटाच्या काही फोर-व्हील गाड्यांच्या पुस्तिकेत महिन्याला किमान १६ किलोमीटर फोर-व्हीलमध्ये चालवा असं छापलेलं असतं. बाजाराच्या फेरीत तेवढं अंतर आरामात होतं.

एवढ्याने भागत नाही, कारण ट्रान्सफर केसमधली गिअर जोडणारी स्लीव्ह आणि फोर्क लिव्हर हलल्याशिवाय हलत नाहीत. त्यासाठी बागेतली माती आहेच. वर पोचल्यावर फोर-हाय टाकून एक फेरी, मग गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून, गिअर न्यूट्रलला आणून फोर-लो, आणि पहिल्या गिअरमध्ये थोडं पुढे, थोडं मागे. गडी सुरुवातीला हसायचे, मालक रिकामी गाडी बागेत उगाच कसली फिरवतोय म्हणून.

ऑइलबद्दल एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. आधी भरायचा बोल्ट सोडवा, मगच खालचा. वरचा बोल्ट गंजून बसला असेल आणि तुम्ही आधी ऑइल सोडून दिलंत तर गाडी जागेवरच अडकली. आमच्या पुढच्या डिफरन्शियलला नव्वद नंबर गिअर ऑइल लागतं. ट्रान्सफर केसला काही गाड्यांत तेच, काही गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल ऑइल. इथे गॅरेजवाल्याच्या अंदाजावर जाऊ नका, गाडीचं पुस्तक बघा. बोल्टच्या चुंबकावर करड्या रंगाची बारीक पेस्ट दिसली तर घाबरायचं कारण नाही. कपची दिसली तर घाबरा.

पाणी आत कुठून गेलं याचा शोध लागायला एक पावसाळा जावा लागला. ॲक्सलवर हवा ये-जा करायला एक छोटी नळी असते, ब्रीदर. चालून तापलेला ॲक्सल पऱ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. ब्रीदर मोकळा असेल तर हवा, तुंबलेला असेल तर सीलच्या कडेने पाणी. आमच्या ब्रीदरच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं सुबक घर बांधलं होतं. आता नळी लांब करून इंजिनच्या बाजूला उंच नेली आहे आणि तोंडाला जाळी लावली आहे. कुंभारीण हल्ली पंपाच्या खोलीत घर करते, त्याला माझी हरकत नाही.

ग्रीसच्या बाबतीत लोकांचा हात सैल असतो. क्रॉस आणि शाफ्टच्या स्लाइडिंग खाचांना ग्रीसगनने भरपूर मारा, पऱ्यातून आल्यावर तर नक्की. पण हबच्या आत नाही. चाकाचं बेअरिंग ग्रीस करताना पोरं लाडाने हबही ठासून भरतात, मग आतली कडी सरकायला जागाच उरत नाही. तिथे बोटाने पातळ लेप पुरतो. आणि चारही टायर एकाच मापाचे, साधारण सारखे झिजलेले ठेवा. पुढे नवे, मागे गुळगुळीत अशी काटकसर फोर-व्हीलला चालत नाही.

बटणवाल्या नव्या गाड्यांत हे सगळं सोपं असेल असं वाटत होतं. शेजारच्या बागायतदाराची तशी गाडी आहे. त्याचं बटण दाबलं जातं, दिवा लुकलुकतो आणि तिथेच थांबतो. खाली मोटरचा कनेक्टर हिरवा पडला होता. कनेक्टर साफ करून घेणं आणि महिन्याला बटण दाबणं एवढं केलं असतं तर बरं, पण त्यालाही वाटतं की फोर-व्हील जुलैत लागते, तेव्हा बघू. मला हा हिशेब उलटा वाटतो. जुलैत पऱ्याच्या मधोमध कळण्यापेक्षा फेब्रुवारीत बाजाराच्या वाटेवर कळलेलं स्वस्त पडतं.

जुनी फोर-व्हील गाडी घ्यायला निघालात तर “कधी वापरलीच नाही” या वाक्यावर खूश होऊ नका. कोरड्या मातीवर गाडी न्या, हब लॉक करायला सांगा, पुढचं एक चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा आणि त्याबरोबर आतला शाफ्ट फिरतो का ते वाकून बघा. हब सोडल्यावर तो थांबला पाहिजे. दुसऱ्या चाकालाही तेच करा. मग फोर-लो टाकून दाखवायला सांगा. विकणारा एवढ्यालाही तयार नसेल, तर टोकन देऊ नका.