हवा जाते कुठे?

काही बिघाड सरळ असतात. खिळा घुसला, टायर बसला, स्टेपनी लावली, पंक्चर काढून घेतले. तासाभराची कटकट झाली आणि विषय संपला. खरा छळ मांडतो तो हळूहळू हवा सोडणारा टायर. तो एकदम बसत नाही. आज ठीक दिसतो, उद्याही ठीक दिसतो, चौथ्या दिवशी किंचित दबल्यासारखा वाटतो. पंपावर हवा भरली की पुन्हा तरतरीत! अंगात मुरलेल्या तापासारखे हे दुखणे. गोळीने ताप उतरतो, आणि उतरला म्हणूनच डॉक्टरांकडे जाणे लांबणीवर पडते.

नागपूरच्या एका घरात २०२३ च्या हिवाळ्यात हे दुखणे मुक्कामाला आले. गाडी लहान, नऊ वर्षांची. घरातले कर्ते बँकेतून निवृत्त झालेले. नात्यात सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या पत्नीने तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे गल्लीत त्या अजूनही 'बाई'. ऑक्टोबरात गाडीच्या मागच्या डाव्या टायरमध्ये खिळा निघाला होता. चौकातल्या पंक्चरवाल्या चाचांनी तो काढून रबरी स्ट्रिप भरली. तेव्हाच ते म्हणाले होते, "साहेब, पंक्चर झालं. पण एकदा चाक उतरवून रिम बघू द्या." आबांना वाटले, हा काम वाढवतो आहे. ते पैसे देऊन निघून आले.

नोव्हेंबर उजाडला तसा तोच टायर दर चार-पाच दिवसांनी नरम पडू लागला. आबा पंपावर जात, फुकटची हवा भरत आणि घरी येऊन चिडत. "त्यानं पंक्चर नीट काढलंच नाही. उद्या पुन्हा आपल्याकडे यावं म्हणून केलंय सगळं. खिळेसुद्धा हेच लोक टाकतात रस्त्यावर!" एके दिवशी हे त्यांनी चाचांच्या तोंडावर ऐकवले. चाचा काहीच बोलले नाहीत. हातातल्या सायकलच्या ट्यूबला पॅच लावत राहिले.

गोष्ट इथेच थांबली असती, तर चार-पाच दिवसांनी पंपावर जायची एक सवय लागली असती, एवढेच. पण धाकटी लेक छत्रपती संभाजीनगरला. तिला सातवा लागला होता आणि पहिल्या बाळंतपणासाठी तिला डिसेंबरअखेर माहेरी आणायचे ठरले होते. जायचे समृद्धी महामार्गाने. हा रस्ता नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. रस्ता रुंद आणि सरळ, मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा. गावातल्या रस्त्यावर खपून जाणारा टायर अशा रस्त्यावर खपत नाही.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गाडीचा सगळा भार हवा तोलून धरते, रबर नव्हे. रबर ती हवा कोंडून ठेवते. एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा. हवा कमी असली की तिथे टायरच्या बाजू जास्त दबतात आणि पुढच्या क्षणी सरळ होतात. लहान मोटारीचे चाक ताशी १२० च्या वेगाला मिनिटात हजाराच्या आसपास फेरे घेते. म्हणजे मिनिटाला हजार वेळा वाकणे आणि सरळ होणे! तार सारखी वाकवली की ती तापते आणि शेवटी तुटते. टायरचेही तसेच होते. आतल्या आत तो तापत जातो, त्याचे थर सुटू लागतात आणि कधीतरी तो फुटतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, टायर 'अचानक' फुटला.

"अहो, त्या टायरवर मी लेकीला बसवणार नाही," बाईंनी सांगून टाकले.

"नवा टायर टाकू मग!" आबा म्हणाले.

"टायर खराब आहे हे ठरलं कुठे? तीन वर्षांचा तर आहे तो."

ते खरे होते. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या टायरवर होते ३८२०. म्हणजे २०२० सालच्या अडतिसाव्या आठवड्यात तो तयार झाला होता. नक्षीही चांगली खोल होती.

बाईंनी एक जुनी चौरेघी वही काढली. बाजारातून हवा मोजायचे छोटे मीटर आणवले. रोज सकाळी सात वाजता, गाडी जागची हलण्याआधी, चारही टायरांची हवा लिहायची. गाडी चालली की टायर तापतो आणि आकडा फुगतो, म्हणून थंड टायरच मोजायचा. तापलेल्या टायरमधून 'जास्त' हवा सोडून देणे हा तर अनेकांचा नित्याचा घोटाळा. किती हवा हवी हे गाडीच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर असते. टायरवर कोरलेला मोठा आकडा ही त्याची कमाल मर्यादा, आपल्या गाडीचे माप नव्हे. यांच्या गाडीचे माप होते ३३ पौंड.

पहिल्याच आठवड्यात वही बोलू लागली. थंडी वाढली तशी चारही टायरांची हवा पौंडभर उतरली. आबा घाबरले, "आता चारही गेले!" बाई हसल्या. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधला दाब साधारण एक पौंड कमी होतो. हवा कुठे गेलेली नसते, ती थंडीने आकसते. शिवाय धडधाकट टायरही महिन्याकाठी एखाद-दुसरा पौंड सोडतोच, रबरातून हवा अगदी सावकाश झिरपते. म्हणून एकट्या टायरचा आकडा पाहून काही कळत नाही. चौघांची तुलना करायची. तिघे ३२ वर स्थिर होते. मागचा डावा मात्र ३३, ३१, ३०, २८ असा पायऱ्या उतरत होता. रोगी कोण, हे ठरले.

मग प्रश्न असा, की हवेला बाहेर पडायला वाटा किती? पूर्वी टायरमध्ये ट्यूब असे, हवा ट्यूबमध्ये राही. ट्यूबलेसमध्ये टायर आणि लोखंडी रिम मिळून हवेचे भांडे तयार होते. त्यामुळे वाटा चार. टायरला गेलेले भोक, व्हॉल्व्ह, टायरची कड जिथे रिमवर घट्ट बसते ती सांध, आणि खुद्द रिमला गेलेली चीर. बाईंनी चारही वाटा वहीत लिहिल्या आणि एकेक खोडायला घेतली.

बादलीत साबणाचे पाणी केले, जुना रंगाचा ब्रश घेतला. आधी व्हॉल्व्ह. टोपी काढून तोंडावर फेसाचा थेंब ठेवला. आतली पिन सैल असली की थेंब फुगतो. पंक्चरवाले बोट जिभेला लावून तेच करतात; ती ओंगळ सवय नव्हे, परीक्षा आहे. थेंब फुगला नाही. मग व्हॉल्व्ह मुळाशी हलकेच वाकवून पाहिला, कारण रबर जुने झाले की तिथे भेगा पडतात आणि त्या वाकवल्यावरच उघडतात. काही नाही. मग चाकाचा पाव भाग भिजवायचा, पाच मिनिटे थांबायचे, आबांनी गाडी थोडी पुढे घ्यायची, पुढचा पाव भाग. थांबणे महत्त्वाचे. मोठ्या भोकाचे बुडबुडे लगेच दिसतात. बारीक गळतीला साय धरल्यासारखा पांढरा फेस जमायला वेळ लागतो. चाचांनी भरलेल्या स्ट्रिपवर बाईंनी दोनदा ब्रश फिरवला. एकही बुडबुडा नाही!

"म्हणजे पंक्चर नीटच काढलं होतं," बाई म्हणाल्या. आबा गप्प राहिले.

बाहेरची बाजू निर्दोष निघाली. उरली आतली बाजू, आणि ती चाक उतरवल्याशिवाय दिसत नाही. म्हणजे पुन्हा चाचांचीच पायरी चढणे आले. आबांचे पाऊल उचलेना. शेवटी बाईच पुढे झाल्या आणि त्यांनी वही चाचांपुढे धरली. चाचांना अक्षर फारसे लागत नसावे. आकडे मात्र त्यांनी नीट पाहिले आणि मान हलवली. त्यांनी जॅक लावला, पान्याने नट सोडवले, चाकात नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरली आणि ते पाण्याच्या हौदात उभे बुडवले.

पाणी शांत झाले. चाचांनी चाक सावकाश फिरवले, थांबले, पुन्हा फिरवले. आतल्या बाजूच्या कडेशी, रिम आणि टायरच्या सांधीतून, मोहरीएवढे बुडबुडे माळेसारखे वर येऊ लागले. त्यांनी तिथे खडूची खूण केली. टायर रिमवरून उतरवल्यावर कारण उघडे पडले. नऊ पावसाळे पाहिलेल्या रिमच्या आतल्या काठावर गंजाचे पापुद्रे धरले होते. टायरची कड त्या खडबडीत काठावर नीट टेकतच नव्हती. गंजाने सांध उचलून धरली होती आणि हवा त्या फटीतून दिवसरात्र निसटत होती. नवा टायर आणला असता तर त्याच गंजावर बसला असता आणि चार दिवसांनी तोही दबला असता.

चाचांनी तारेच्या ब्रशने काठ घासला, काचकागदाने गुळगुळीत केला, चीर किंवा पोचा नाही ना हे बोट फिरवून पाहिले. चीर असती तर त्यावर वेल्डिंगचा उपाय नाही, रिमच बदलावी लागते. मग काठाला सांध बुजवणारे काळे रसायन लावले, जुना व्हॉल्व्ह बदलला आणि टायर मोकळा होताच तर खिळ्याच्या भोकाला आतून मशरूमसारखा पॅचही लावला. बाहेरून भरलेल्या स्ट्रिपपेक्षा तो भरवशाचा. सगळे मिळून जे पैसे झाले, त्यात नव्या टायरचा एक कोपराही आला नसता.

"चाचा, मी तुम्हांला नको ते बोललो," आबा म्हणाले.

"साहेब, हवा दिसत नाही ना," चाचा हात पुसत म्हणाले, "म्हणून माणूस जे दिसतं त्याला धरतो."

या धंद्याचा इतिहासही असाच न दिसणाऱ्या माणसांचा आहे. हवेच्या टायरचा जनक म्हणून जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरचे नाव घेतले जाते. १८८८ साली बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी त्याने तो बनवला. पण तीच कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ मध्येच नोंदवून ठेवली होती. ते उजेडात आल्यावर डनलॉपचे पेटंट रद्द झाले. आपण सहज म्हणतो ती 'स्टेपनी' वेल्सच्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आली. १९०४ मध्ये तिथल्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर चाकावर अडकवायचे जादा चाक काढले. त्याआधीच्या मोटारींत जादा चाक नसेच.

काम झाले तरी बाईंचे समाधान झाले नव्हते. वही दहा दिवस चालली. ३३, ३३, ३३, थंडीत ३२. इतर तिघांच्या बरोबरीने. तेव्हा कुठे त्यांनी मागच्या डाव्या टायरपुढे बरोबरची खूण केली. कुणीतरी नायट्रोजन भरायचे सुचवले. बाईंनी सांगितले, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि भांडे गळके असेल तर आत काय भरले याने फरक पडत नाही.

निघायच्या आदल्या रात्री त्यांना आठवले, वहीत टायर चार आहेत आणि गाडीत पाच. डिकी उघडून स्टेपनी मोजली. १८ पौंड! वर्षभर तिच्याकडे कुणी पाहिलेच नव्हते. आबा त्याच वेळी पंपावर गेले आणि हवा भरून आले.

लेक सुखरूप माहेरी आली. वाटेत आबांनी गाडी शंभराच्या आतच ठेवली आणि दर दोन तासांनी थांबवली, तिच्यासाठीही आणि टायरांसाठीही. फेब्रुवारीत घरात नात आली. वही अजून चालू आहे, फक्त आता महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी सकाळी. पाच मिनिटांचे काम. गल्लीत कुणाचा टायर नरम दिसला आणि तो चौकाकडे बोट दाखवून बोलू लागला की आबा त्याला आधी विचारतात, "किती दिवसांत किती पौंड उतरते? लिहून ठेवलंय का?" बहुतेकांनी लिहिलेले नसते. मग ते घरात जाऊन मीटर घेऊन येतात.