उष्टं

आपल्याकडे अन्नाबद्दल जेवढे शब्द आहेत, त्यात 'उष्टं' हा मला सगळ्यात अवघड वाटतो. शिळं कळतं, आंबलेलं कळतं, खरकटंही कळतं. पण उष्टं म्हणजे नेमकं काय? लेकराच्या ताटलीतला अर्धा घास आई सहज तोंडात टाकते, तिला ते उष्टं वाटत नाही. शबरीच्या बोरांची तर गोष्टच झाली. आणि नवऱ्याच्या ताटात जेवणं हा तर बाईचा धर्मच समजला जायचा. म्हणजे उष्टं कशाला म्हणायचं, हे अन्नावर नाही, तर आधी कोण जेवलं आणि मागून कोण, यावर ठरतं. असं आपलं मला वाटतं.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, लोणंदचं. सासर सांगलीचं. गावं बदलली, पद्धत तीच. आधी पुरुष, मग मुलं, मग बायका. सासरे हळदीच्या पेठेत दिवाणजी होते. दुपारी घरी आले की कितीही हात धुतले तरी नखांत पिवळा रंग राहायचा. त्यांचं जेवण उरकलं की सासूबाई त्याच ताटात स्वतःला वाढून घ्यायच्या. मी १९८६ साली लग्न होऊन आले, तेव्हापासून हेच बघत होते. २००५ च्या महापुरात हरिपूरची हळदीची पेवं बुडाली, जमिनीखाली खोदलेली ती जुनी कोठारं. त्याच वर्षी दिवाळीनंतर सासरे गेले. पुढचे काही दिवस सासूबाई जेवायच्या वेळी मांडणीसमोर नुसत्या उभ्या राहायच्या. आपण कुठलं ताट घ्यायचं, हेच त्यांना समजेना...

मग त्यांचं वेगळं ताट झालं. पण बसायची वेळ तीच राहिली. "आई, बसा की आमच्याबरोबर," असं मी शंभरदा म्हटलं असेल. उत्तर ठरलेलं. "तुमी घ्या खाऊन. मी बसते मागनं."

गेल्या वर्षी आम्ही लेकीकडे लंडनला गेलो, तेव्हा सासूबाईंनाही नेलं. वय ८४, गळ्यात माळ, सोबत भडंगाचा डबा! एका शुक्रवारी नातजावयानं सगळ्यांना गोलबोर्न रोडला जेवायला नेलं. १९६० नंतर मोरोक्कोतून आलेली बरीच कुटुंबं या भागात स्थायिक झाली, म्हणून त्याला 'लिटल मोरोक्को' म्हणतात. छोटंसंच हॉटेल. आल्या आल्या एका पोऱ्यानं पितळी झारीनं आमच्या हातांवर पाणी घातलं, खाली घंगाळासारखं भांडं धरून. सासूबाई एकदम खूश. "हितं रीत हाय गं लोकांना!"

शुक्रवार म्हणजे मोरोक्कोत कुसकुसचा दिवस. दुपारची नमाज झाली की घरोघरी हाच बेत. रव्यावर पाणी शिंपडत हातानं वळून बारीक कण्या करायच्या आणि खाली रस्सा रटरटत असताना त्याच्या वाफेवर वरच्या चाळणीत त्या शिजवायच्या. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या चार देशांनी मिळून २०२० साली युनेस्कोच्या वारसा यादीत याची नोंद करून घेतली. रस्सा एरवी मटणाचा असतो. आमचा मात्र निव्वळ भाज्यांचा आहे ना, हे लेकीनं तीनदा विचारून घेतलं.

आणि ते ताट आलं. परातीएवढं. मोकळ्या सांज्यासारखा कण्यांचा डोंगर, वर गाजर, भोपळा, कोबी, सलगम, हरभरे, बेदाणे. ताट एकच. माणसं पाच.

सासूबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. "आन् आमची ताटं?"

"आजी, यातच खायचं. सगळ्यांनी मिळून."

टेबलावर शांतता. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला चक्क नातजावई. त्यांच्याच ताटात, त्यांच्याच वेळी? हे तर कासावीसच झाले. "आईसाठी वेगळी प्लेट मागव," म्हणाले. वेगळी प्लेट मिळालीही असती. पण हॉटेलात 'मागनं' बसायची सोय नसते ना! नातजावयानं हळूच सांगितलं, प्रत्येकानं आपापल्या समोरचंच खायचं, उजव्या हातानं. दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा नाही.

सासूबाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे काला की ह्यो!" आणि हात घातला.

माळकरी माणसाला सुचणारच ते. सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन होतं, दही-लाह्यांचा काला या हातातून त्या हातात जातो, तिथं कोण कुणाचं उष्टं बघत नाही. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरला काला करूनच वारकरी घरची वाट धरतात. काल्यात उष्टं नसतं हे त्यांना जन्मभर माहीत होतं. फक्त काला देवळात होता, आणि ताट घरात.

पुढं त्या रंगात आल्या. बेदाणा उचलून म्हणाल्या, "आपल्या तासगावचा दिसतोय." (तो कुठला होता देव जाणे, पण २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा अभिमान रास्तच!) पिवळा रस्सा चाखून निकाल दिला, "हळद हाय, पर कमी घातलीया." दिवाणजींची बायको बोलली!

मोरोक्कोत सगळं आलबेल आहे असं नाही बरं का. जुन्या वळणाच्या घरांत पाहुणे आले की तिथंही पुरुष आधी जेवत आणि बायका मागून. त्यामुळे ताट एक असून भागत नाही, बसायची वेळही एक लागते.

सांगलीला परतल्यावर काही क्रांतीबिंती झाली नाही. सकाळच्या जेवणाला सासूबाई अजून मागूनच बसतात. रात्री मात्र, भाकरी-दुधाच्या वेळी, खुर्ची ओढून आमच्यात येतात. "उशिरा खाल्लेलं पचत न्हाई मला," असं कारण देतात. मी काही विचारत नाही. तिसरं ताट आधीच मांडून ठेवते.